तीरकामठा हाताने कसा घडतो? भिल्लांचे धनुष्य, त्यामागचे विज्ञान आणि आजचा कायदा

दोन हात लांब बांबूचा तुकडा, त्याला बांधलेली सुतळी आणि ज्वारीच्या ताटाचा बाण. मराठवाड्यातल्या खेड्यांत असे खेळण्यातले धनुष्य अनेकांनी लहानपणी केलेले असते. ते चार-पाच दिवसांत सैल पडते किंवा मोडते. खरा तीरकामठा मात्र वर्षानुवर्षे चालतो. दोन्ही बांबूचेच, मग एवढा फरक का पडतो? उत्तर बांबूची निवड, तो वाळवण्याची पद्धत आणि तासणाऱ्याचा हात यांत आहे.

तीरकामठा कोणाचा?

जालना जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे. भोकरदन आणि जाफराबाद तालुके या रांगेच्या पायथ्याशी येतात. पलीकडे खानदेश आणि त्याच्याही पुढे सातपुडा. या साऱ्या पट्ट्यात भिल्ल समाजाची जुनी वस्ती आहे. 'भिल्ल' हे नाव धनुष्य या अर्थाच्या 'विल' किंवा 'बिल' या द्राविडी शब्दावरून आले, असे अनेक अभ्यासक मानतात.

हे हत्यार फक्त शिकारीपुरते नव्हते. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा डोंगरातल्या भिल्लांनी त्यांना अनेक वर्षे दाद दिली नाही. शेवटी १८२५ मध्ये इंग्रजांनी भिल्लांचीच पलटण उभारली आणि जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याकडे ते काम दिले. १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यातल्या अंबापाणी येथे भिल्ल आणि इंग्रज फौज यांच्यात मोठी लढाई झाली. त्या सामन्यात भिल्लांच्या बाजूने तीरकामठेही होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शिकारीवर जगणारा प्रत्येक समाज धनुष्यच वापरत होता असे नाही. मराठवाड्यातल्या फासेपारध्यांचे साधन त्यांच्या नावातच आहे: फासे. तीरकामठा ही मुख्यतः भिल्लांची ओळख.

लाकूड की बांबू?

धनुष्यासाठी लाकूड चिवट आणि लवचिक लागते. महाराष्ट्राच्या पानझडी जंगलातली धामण त्यासाठी प्रसिद्ध आहे. संस्कृतात या झाडाला 'धनुर्वृक्ष' म्हणतात, म्हणजे नावातच उपयोग सांगितलेला आहे. तिचे लाकूड कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी यांसाठीही वापरले जाते, कारण ते वाकते पण सहज तुटत नाही.

भिल्लांचा कामठा मात्र बहुतेक वेळा बांबूचा असतो. त्यासाठी माणवेल हा बांबू उत्तम. बाकीचे बांबू आतून पोकळ असतात. माणवेलीची भिंत जाड असते आणि कोरड्या डोंगरउतारावर वाढलेली काठी तर जवळपास भरीव असते. अशा भरीव काठीला 'नर बांबू' म्हणतात.

बांबू कधी तोडतात?

कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि तडकतो. फार जुना ठिसूळ होतो. साधारण तीन वर्षांची काठी योग्य मानतात. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत करतात. पावसाळ्यातल्या बांबूत पाणी आणि पिष्ठ जास्त असते. त्या पिष्ठावर भुंगा लागतो आणि काठीचे पीठ पडू लागते.

तोडलेली काठी उन्हात टाकत नाहीत. ऊन लागले तर बाहेरची बाजू आधी वाळते, आतली ओली राहते आणि बांबू चिरतो. म्हणून ती सावलीत, वारा लागेल अशी ठेवतात. चुलीच्या वर टांगून धुरी देण्याची पद्धतही जुनी आहे. धुराने ओल हळूहळू जाते आणि कीडही लागत नाही. या कामाला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. घाई केलेला कामठा पुढे वाकलेलाच राहतो, सरळ होत नाही.

तासताना काय सांभाळतात?

वाळलेली काठी उभी चिरून पट्टी काढतात. लांबी साधारण माणसाच्या खांद्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीएवढी ठेवतात. आखूड कामठा झुडपांतून नेायला सोपा, पण तो ओढताना जास्त वाकतो आणि लवकर मोडतो.

धनुष्य ओढले की त्याच्या दोन बाजूंवर उलटे ताण येतात. नेम धरणाऱ्यापासून दूर असलेली बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. त्याच्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. बांबूचे सर्वांत दाट आणि बळकट तंतू सालीलगत असतात. म्हणून सालीची बाजू सहसा पाठीला ठेवतात आणि तिला कोयत्याचा धक्काही लागू देत नाहीत. तिथला एक तंतू तुटला तरी चीर तिथूनच सुरू होते. तासकाम सगळे पोटाच्या बाजूने होते.

मधला भाग, जिथे मूठ येते, जाड ठेवतात. टोकांकडे पट्टी निमुळती होत जाते. इथे एक हिशेब कामाला येतो. पट्टीची रुंदी निम्मी केली तर तिचा ताठपणा निम्मा होतो. पण जाडी निम्मी केली तर ताठपणा आठपटीने घटतो. त्यामुळे जाडीतला एक जास्तीचा तासही महागात पडतो. जुन्या कारागिरांना हे सूत्र कोणी शिकवलेले नव्हते. हाताला ते ठाऊक होते. म्हणूनच शेवटी कोयता बाजूला ठेवून फुटक्या काचेने खरवडत राहायचे.

वाक जुळवणे: खरी परीक्षा

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे जातो. कामठ्याला सैल दोरी लावतात, थोडा ओढतात आणि दोन्ही बाजूंचा वाक पाहतात. एक बाजू कमी वाकत असेल तर ती ताठ आहे, म्हणून तिथले थोडे खरवडतात. पुन्हा ओढतात, पुन्हा पाहतात. ओढ प्रत्येक वेळी थोडीच वाढवतात. एकाच जागी जास्त वाक येत असेल तर सगळा ताण तिथे जमतो आणि कामठा नेमका तिथेच मोडतो. अशा जागेला हात न लावता तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड कमी करावे लागते.

काढलेले लाकूड परत लावता येत नाही. त्यामुळे या कामात हुशारीपेक्षा सबुरी जास्त लागते. काठी थोडी वाकडी असेल तर विस्तवाची धग देऊन ती सरळ करतात आणि थंड होईपर्यंत तशीच दाबून धरतात.

दोरीसुद्धा बांबूचीच

भिल्ल कामठ्याचे वेगळेपण त्याच्या दोरीत आहे. ती बहुधा बांबूच्या सालीची पातळ, चपटी पट्टी असते. दोन्ही टोकांना सुताचे किंवा तातीचे फास करून ती कामठ्याच्या खाचांत अडकवतात. अशी पट्टी जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे हाताने लावलेला जोर दोरीत वाया न जाता तिराला मिळतो. तातीची दोरी पावसात सैल पडते. बांबूच्या पट्टीला ती अडचण कमी.

काम नसताना दोरी एका बाजूने उतरवून ठेवतात. सतत ताणलेला कामठा हळूहळू त्याच आकाराचा होतो आणि त्याचा जोर जातो.

तीर सरळ का जातो?

तिरासाठी हलकी, सरळ काडी किंवा बारीक बांबू घेतात. पुढे लोखंडी टोक, मागे पिसे आणि शेवटी दोरीसाठी खाच. पिसे शोभेची नसतात. तिराचे मागचे टोक बाजूला सरकले की हवा पिसांवर दाब देते आणि ते पुन्हा ओळीत येते. पक्ष्यांसाठी पूर्वी बोथट टोकाचे तीरही वापरत.

तिराची काडी फार ताठ किंवा फार लवचिक असून चालत नाही. दोरी सुटताच तीर किंचित वाकतो, कामठ्याच्या मुठीला वळसा घालून निघतो आणि मग सरळ होतो. हा वाक कामठ्याच्या जोराशी जुळला नाही, तर नेम बरोबर असूनही तीर बाजूला जातो.

एक सावधगिरी महत्त्वाची. तीर न लावता दोरी ओढून सोडायची नसते. एरवी कामठ्यात साठलेली ऊर्जा तीर घेऊन जातो. तीर नसेल तर ती कामठ्यातच परत फिरते. कामठा फुटतो आणि त्याच्या चिरफळ्या तोंडावर येऊ शकतात.

मग आज याने शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. मारणेच नव्हे, तर पकडणे, हाकणे, सापळा लावणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेसुद्धा 'शिकार' या व्याख्येत येते. 'हत्यार' या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे वनक्षेत्राजवळच्या गावातल्या कोणी पूर्वजांचा कामठा घेऊन गौताळ्यासारख्या अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय पाऊल ठेवले, तर शिकार न करताही तो अडचणीत येतो.

काळवीट या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे तुरुंगवास होऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमाही वाढल्या.

वनहक्क कायदा, २००६ ने आदिवासींना गौण वनोपजाचे हक्क दिले आणि त्यात बांबूही आला. पण त्याच कायद्याने शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. म्हणजे कामठ्याचा बांबू हक्काचा असू शकतो, त्याने केलेली शिकार नाही.

रोही किंवा रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात, ही शेतकऱ्यांची खरी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणजे वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज. प्राणी मारण्याची गरज पडली तरी ती फक्त अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच.

कामठा बनवायचा असेल तर?

बनवण्याला आणि लक्ष्यावर सराव करण्याला वाव आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा, म्हणजे शेतातला बांबू भारतीय वन कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येत येत नाही. शेतकऱ्याकडून किंवा बुरुडाकडून तो विकत घेता येतो. जंगलातली धामण किंवा बांबू परवानगीशिवाय तोडणे मात्र गुन्हाच आहे. सराव करताना लक्ष्यामागे मातीचा भराव हवा आणि आसपास माणसे किंवा जनावरे नकोत.

या विद्येला मैदानावरही जागा आहे. देशातल्या तिरंदाजी स्पर्धांत 'इंडियन राउंड' हा प्रकार असतो. त्यात बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य वापरतात आणि ५० व ३० मीटरवरून नेम धरतात. आधुनिक धनुष्य लाखभर रुपयांच्या पुढे जाते. त्यामुळे खेड्यातल्या अनेक मुलामुलींची सुरुवात याच साध्या धनुष्याने होते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. त्यांची धनुष्ये यंत्रासारखी असली, तरी वाकलेल्या पात्यात जोर साठवून तो तिराला देण्याचे तत्त्व तेच आहे.

कामठा घडवणारे जाणते हात आता म्हातारे होत चालले आहेत. शिकार थांबली हे योग्यच झाले. पण काठी पारखणे, सावलीत वाळवणे आणि काचेने खरवडत वाक जुळवणे हे ज्ञान शिकारीबरोबर संपायला हवे, असे कोणताही कायदा सांगत नाही.