काळारामाचे दार आणि समाजकार्याचा वर्ग

१/ २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष मिरवणुकीने काळाराम मंदिराकडे निघाले. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. सत्याग्रही त्या बंद दरवाजांपुढे बसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील हा लढा दादासाहेब गायकवाडांनी नाशिकमध्ये सुमारे पाच वर्षे धगधगता ठेवला. याला समाजकार्य म्हणावे की राजकारण? समाजकार्याच्या शिक्षणातला मूल्यांचा वाद आजही याच प्रश्नाभोवती फिरतो.

२/ लढा चालू असतानाच, सप्टेंबर १९३२ मध्ये, पुणे करार झाला. पाठोपाठ अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखली गेली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर, म्हणजेच ठक्कर बाप्पा. गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघालेल्या आंबेडकरांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून ठक्करांना एक सविस्तर पत्र लिहिले.

३/ या पत्रात त्यांनी समाजकार्याच्या दोन दृष्टी समोरासमोर मांडल्या. पहिलीच्या मते माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या वर्तनात असते. म्हणून दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये, शाळा यांतून व्यक्ती सुधारावी. दुसरीच्या मते माणसाचे भवितव्य परिस्थिती ठरवते. म्हणून सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्याचा, गावच्या शाळेत बसण्याचा, चावडीवर जाण्याचा हक्क मिळवावा. आंबेडकरांचा कौल दुसऱ्या बाजूला होता. संघर्ष होईल, रक्तही सांडेल, हे त्यांनी लपवले नाही. महाड आणि नाशिकचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

४/ या पत्राची साधी पोचही मिळाली नाही, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे.

५/ १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते होते. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

६/ त्या काळच्या अमेरिकी समाजकार्यात व्यक्तिसहाय्य पद्धतीला मानाचे स्थान होते: गरजू व्यक्तीची माहिती घ्यावी, अडचणीचे निदान करावे, तिला परिस्थितीशी जुळवून घेण्यास मदत करावी. भारतीय अभ्यासक्रमांवर तिची खोल छाप पडली. रुग्णालयातल्या रुग्णाला किंवा निराधार बालकाला या पद्धतीचा आधार आजही मोलाचा वाटतो. पण विहिरीवरून हाकलून दिलेल्या माणसाने कोणत्या परिस्थितीशी जुळवून घ्यायचे? तेथे निव्वळ तंत्र म्हणून शिकवलेली पद्धतही एका बाजूला झुकते. आहे ती व्यवस्था ती गृहीत धरते.

७/ नाशिकचे आणखी एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९१४ मध्ये येथे मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना झाली, ती सत्यशोधक विचारांच्या प्रेरणेतून. बहुजनांच्या मुलांना शिक्षण मिळावे ही केवळ शैक्षणिक मागणी नव्हती. त्यामागे समाजरचनेविषयीची ठाम भूमिका होती. आज हीच संस्था नाशिकमध्ये समाजकार्य महाविद्यालयही चालवते. विचारसरणी वर्गात बाहेरून शिरली असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की कित्येक वर्गांच्या भिंतीच विचारसरणीने उभ्या केल्या आहेत.

८/ कालांतराने काटा दुसरीकडे सरकला. टाटा संस्थेत दलित आणि आदिवासी प्रश्नांना वाहिलेला समाजकार्याचा अभ्यासक्रम आला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्वीकारलेल्या व्याख्येत सामाजिक न्याय आणि मानवी हक्क ही समाजकार्याची पायाभूत तत्त्वे ठरली. आंबेडकरांची दुसरी दृष्टी अशा रीतीने पाठ्यपुस्तकात पोहोचली. त्यासोबत एक नवा प्रश्नही आला: या भूमिकेशी सहमत नसलेल्या विद्यार्थ्याचे काय? क्षेत्रकार्याचे गुण ज्यांच्या हाती आहेत, त्या शिक्षकासमोर तो आपले मत मोकळेपणाने मांडू शकतो का?

९/ मूल्यांशिवाय समाजकार्य शिकवता येत नाही, हे १९३२ च्या पत्रातच स्पष्ट आहे. पण त्या पत्राची रीतही शिकण्याजोगी आहे. आंबेडकरांनी आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे मांडले, मग स्वतःची बाजू उघडपणे घेतली आणि तिची किंमतही सांगितली. समोरच्या संस्थेने मात्र उत्तर दिले नाही. समाजकार्याच्या कोणत्याही वर्गाची, मग तो कोणत्याही विचारांचा असो, खरी परीक्षा येथेच आहे: आपल्या भूमिकेला विरोध करणारे असे पत्र उद्या एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले, तर त्याला उत्तर मिळेल का?