नांव गेलें, गांव गेलें

कोलंबसाच्या चुकीमुळें आपलें नांव ज्यांस चिकटलें, त्या कॅनडांतील मूळच्या रहिवाशांना तेथील कायदा 'इंडियन' म्हणतो. या कायद्यांतील एकाच नियमाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

१८६९ सालीं कॅनडाच्या पार्लमेंटानें ठरविलें कीं, इंडियन स्त्रीनें बाहेरच्या पुरुषाशीं लग्न केलें म्हणजे ती इंडियन राहात नाहीं, आणि तिचीं मुलेंही नाहींत. १८७६ च्या 'इंडियन ॲक्टां'त हाच नियम कायम झाला. उलट इंडियन पुरुषानें गोरी बायको केली तर ती मात्र कायद्यानें इंडियन होई! विवाहानें मुलीचें गोत्र बदलतें ही गोष्ट आपल्या अंगवळणीं पडलेली असल्यामुळें मराठी वाचकास यांत प्रथमदर्शनीं नवल वाटणार नाहीं. परंतु येथें नुसतें गोत्र जात नव्हतें. राखीव गांवांत राहण्याचा, तेथें घर बाळगण्याचा, फार काय, आईबापांशेजारीं पुरलें जाण्याचाही हक्क जाई. आणि नवरा मेला किंवा त्यानें टाकलें, तरी तो परत मिळत नसे.

माँट्रिअलजवळील कानावाके हें मोहॉक लोकांचें गांव. या लोकांत कुळ आईकडून चालतें. पूर्वीं नवरा बायकोच्या घरीं राहावयास जाई, आणि पुढारी निवडण्याचा व काढण्याचा अधिकार कुळांतील वडील स्त्रियांचा असे. त्यांच्यावर हा बापाकडून वंश मोजणारा कायदा लादला गेला. या गांवची मेरी टू-ॲक्स अर्ली लग्न होऊन ब्रुकलिनला गेली होती. १९६९ सालीं नवरा वारल्यावर ती परतली, तों आजीनें ठेवलेलें घर स्वतःच्या नांवावर करण्याची तिला मुभा नव्हती. तिच्या मुलीनें मोहॉक पुरुषाशीं लग्न केल्यामुळें ती कायद्यानें इंडियन ठरली होती. म्हणून घर मुलीच्या नांवें करावें लागलें. १९७५ सालीं मेक्सिकोंतील जागतिक महिला परिषदेस ती गेली असतां, गांवच्या पंचायतीनें तिला गांव सोडण्याची नोटीस काढल्याचें तिला कळलें. परिषदेंत तिनें ही गोष्ट बोलून दाखविली, बोभाटा झाला, आणि नोटीस मागें घ्यावी लागली.

न्यायालयांचा मार्गही चोखाळून झाला होता. जॅनेट लॅव्हेल या ओजिब्वे स्त्रीचें प्रकरण १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयांत पांच विरुद्ध चार मतांनीं फेटाळलें गेलें. बाहेर लग्न करणाऱ्या सर्व इंडियन स्त्रियांस कायदा सारखाच लागू होतो, तेव्हां समतेस बाध कोठें आला, असा युक्तिवाद झाला. तर्कशास्त्राच्या परीक्षेंत एखाद्या विद्यार्थ्यानें असें उत्तर लिहिलें असतें तर मीं त्यास खचित गुण दिले नसते. परंतु त्याहून मनास लागणारी गोष्ट अशी कीं, इंडियनांच्या राष्ट्रीय संघटनेनें या खटल्यांत सरकारची बाजू घेतली. त्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. १९६९ सालींच सरकारनें सबंध कायदा मोडून टाकण्याचा बेत पुढें मांडला होता. एक वीट काढली तर जमिनीचें रक्षण करणारी भिंतच कोसळेल, असें पुढाऱ्यांस वाटलें. तथापि ती भिंत उभी ठेवण्याची किंमत केवळ स्त्रियांनींच कां द्यावी, याचें उत्तर त्यांच्याजवळ नव्हतें.

अखेर न्यू ब्रन्स्विक प्रांतांतील टोबिक गांवच्या सँड्रा लव्हलेसनें संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार नेली. १९७९ च्या जुलैंत टोबिकच्या स्त्रियांनीं ओकापासून ओटावापर्यंत पायीं मोर्चा काढला. १९८१ सालीं समितीनें कॅनडास दोषी ठरविलें. तिचें लग्न करार लागू होण्यापूर्वींचें असल्यानें लग्नाच्या नियमाविषयीं निर्णय देण्याचें समितीनें टाळलें. पण स्वजनांत राहून आपली संस्कृति भोगण्याचा तिचा हक्क हिरावला गेला, एवढें निःसंदिग्ध सांगितलें.

१९८५ सालीं कायदा सुधारला, आणि लाखावर माणसांस इंडियनपण मिळालें. तरी भेद उरलाच. जुन्या काळीं बाहेर लग्न केलेल्या भावाचीं नातवंडें इंडियन राहात. बहिणीचीं राहात नसत. शॅरन मॅकआयव्हर हिनें यासाठीं खटला लढविल्यावर २०१० सालीं एक दुरुस्ती झाली. दुसऱ्या एका खटल्यानंतर २०१७ सालीं आणखी एक झाली, आणि तिचा शेवटचा भाग २०१९ सालीं अंमलांत आला. दर वेळीं न्यायालयानें जेवढें बोट धरलें तेवढेंच सरकारनें सोडविलें. लागोपाठ दोन पिढ्यांनीं बाहेर लग्न केल्यास तिसरीचें नांव पुसावयाचें, हा १९८५ चा नियम तर त्या दुरुस्तीनंतरही राहिलाच. शिवाय नांव परत मिळालेल्यांना राहावयास घरें कोठून आणावयाचीं, या प्रश्नानें गांवोगांवीं नवे तंटे उभे केले.

मेरी टू-ॲक्स अर्ली हिला १९८५ च्या जुलैंत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, सर्वांच्या आधीं आपलें इंडियनपण परत मिळालें. १९९६ सालीं ती वारली, आणि कानावाकेच्याच स्मशानभूमींत तिला पुरण्यांत आलें.