मावशीची जास्वंद

गेल्या श्रावणात बडोद्याला मावशीकडे गेलो होतो. दारात लाल जास्वंद फुललेली. "हे आपल्या म्हापशाच्या घरचं झाड रे," मावशी म्हणाली. ते घर विकून कितीतरी वर्षे झाली, तिथले झाडही गेले. इथले मात्र गणपतीला रोज फुले देते.

मावशीचे म्हणणे शब्दशः खरे आहे. या पूजेच्या जास्वंदीला आपल्याकडे सहसा बी धरत नाही. फांदी लावायची, म्हणजे नवे झाड हे जुन्याचेच अंग. माणसाने हाती धरून नेली तरच ती पुढे जाते. लिनियसने १७५३ साली तिला 'चीनचा गुलाब' अशा अर्थाचे नाव दिले, पण मूळ रानटी अशी ती कुठेच सापडत नाही. प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या दोन जातींचा तो संकर असावा, असे अलीकडचे संशोधक मानतात. कोचीच्या डच अधिकारी व्हान रीडच्या 'होर्तुस मलाबारिकुस' (१६७८-१६९३) या ग्रंथात ती मल्याळी 'चेंपरत्ती' या नावाने आहे. त्या ग्रंथाला साह्य करणारे रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे वैद्य कोकणी. गोवा सोडून कोचीला गेलेल्या समाजातले! माणसे आणि झाडे अशीच हलत आली.

बडोद्यात तर बागेला राजाश्रय होता. विश्वामित्रीकाठची कमाटीबाग १८७९ सालची. सयाजीराव तेव्हा अल्पवयीन, कारभार दिवाण टी. माधवरावांकडे, तेही दक्षिणेतल्या मराठी घराण्यातले. पुढे १८९३ मध्ये लंडनच्या क्यू बागेत काम केलेला जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल बडोद्यात आला. बंगळूरच्या लालबागेत त्याचे नाव झाले ते त्यानंतर.

मावशीला मात्र कुणी माळी नव्हता. पहिल्या दोन फांद्या कुजल्या. आमच्या तांबड्या मातीतून पाणी निथळून जाते. बडोद्याची काळी माती ते धरून ठेवते. तिसऱ्या वेळी तिने वाळू आणि शेणखत मिसळून वाफा उंच केला. सकाळचे ऊन मिळेल, दुपारी भिंतीची सावली येईल अशी जागा धरली, कारण मे महिन्याच्या झळांत कळ्या गळतात. पिठ्या ढेकूण दिसला की पाण्याचा जोरदार फवारा. थंडी सरताना छाटणी, कारण फुले येतात ती नव्या फुटीवर.

निघताना तिने वीतभर फांदी ओल्या फडक्यात बांधून दिली. आज ती इथे माझ्या दारात आहे. परवा दोन पाने फुटली. मावशीला फोन केला, तर म्हणाली, "पोचली म्हणायची घरी."