शार्क नसलेला ‘शार्क’

सह्याद्रीतील नद्यांमध्ये राहणारा एक मासा जगभरातील शोभिवंत माशांच्या दुकानांत ‘रोझलाइन शार्क’ म्हणून विकला जातो. शार्कशी त्याचा संबंध नावापुरताच आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, याचा हाडांचा. हा गोड्या पाण्यातला, रोहू-कटल्याच्या कुळातला, वीतभराहूनही लहान जीव. निमुळता देह आणि ताठ पृष्ठपर पाहून व्यापाऱ्यांनी त्याला शार्क ठरवले.

त्याच्या मुलखातील लोकांनी मात्र त्याला नीट पाहिले होते. तोंडापासून निघालेली तांबडी रेघ डोळ्यातून आरपार जाते, म्हणून मल्याळम भाषेत त्याला ‘रक्ताळलेल्या डोळ्यांचा’ अशा अर्थाचे नाव आहे. शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद 1865 मध्ये झाली. मद्रासच्या लष्करी सेवेतील डॉक्टर आणि मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी त्याचे वर्णन करून त्याला मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांचे नाव दिले : लेबिओ डेनिसोनी.

त्यानंतर शतकभराहून अधिक काळ या माशाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 1990 च्या दशकात शोभिवंत माशांच्या बाजाराने त्याला हेरले. 1997 मध्ये सिंगापूरच्या ‘ॲक्वारामा’ प्रदर्शनात तो वाखाणला गेला आणि मागणी वाढली. ‘मिस केरळ’, ‘टॉरपीडो बार्ब’, ‘रोझलाइन शार्क’ अशी नावे वाढत गेली. नद्यांतील मासे मात्र कमी होत गेले. आज ही जाती धोक्यात असल्याची नोंद आयुसीएनच्या लाल यादीत आहे.

नावातील गोंधळाची खरी किंमत इथे कळते. 1999 मध्ये चालकुडी नदीतून याच रूपाची दुसरी जाती शास्त्रीय नोंदीत आली. तिच्या पृष्ठपरावर काळा डाग असतो. व्यापारात मात्र दोन्ही एकाच नावाखाली जात राहिल्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2005 ते 2012 या काळात भारतातून 30 संकटग्रस्त जातींचे किमान 15 लाख गोड्या पाण्यातील मासे निर्यात झाले. त्यांत मोठा वाटा असलेल्या माशांमध्ये या तांबड्या रेघेच्या माशांचा समावेश होता. एका नावाखाली दोन जाती मोजल्या, तर कोणती किती उरली हे कोण सांगणार? नियमांनाही अपुऱ्या माहितीची झळ बसली. केरळ सरकारने 2008 मध्ये जून, जुलै आणि ऑक्टोबर असा बंदीकाळ ठरवला. पुढील संशोधनात माशाचा मुख्य विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा आढळला.

2013 मध्येच राजीव राघवन, सिबी फिलिप, अन्वर अली आणि नीलेश डहाणूकर या संशोधकांनी या दोन जातींसाठी नवी प्रजाती स्थापन केली. तिला त्यांनी नाव दिले ‘सह्याद्रिया’. तोवर हा मासा लेबिओ, बार्बस, पुंटियस अशा प्रजातींतून फिरून आला होता. डहाणूकर तेव्हा पुण्याच्या आयसरमध्ये होते. पुढे ते दिल्ली-एनसीआरमधील शिव नाडर विद्यापीठात गेले. सह्याद्रीच्या ओढ्यांतील माशांची ओळख पटवण्याचे काम आज यमुनेच्या खोऱ्यातूनही चालते, ते असे.

‘डेनिसोनी’ या शब्दातून तरी माशाबद्दल काय कळते, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे. गव्हर्नराच्या आडनावात ना तांबडी रेघ आहे, ना नदी. परंतु शास्त्रीय नाव एका प्रकाशित वर्णनाला आणि जपून ठेवलेल्या नमुन्याला बांधलेले असते. शंका आली तर त्या नमुन्याशी ताडून पाहता येते, चूक सापडली तर ती दुरुस्त करता येते. प्रजाती तीनदा बदलूनही ‘डेनिसोनी’ हा धागा तुटला नाही, तो त्यामुळेच. दुकानातील नावाला असा आधार नसतो. ते गिऱ्हाइकाला भुरळ घालते आणि तेवढ्यावरच त्याचे काम संपते.

काचेच्या पेटीतील मासा विकत घेणाऱ्याने म्हणून दोन प्रश्न विचारावेत : याचे शास्त्रीय नाव काय, आणि हा नदीतून पकडलेला आहे की पैदाशीचा? ज्या जीवाचे नावच धड ठाऊक नाही, तो संपत चालला आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.