पट्टी धारवाडची, मूल पिशोरचं

मंडळी, आजचा विषय इतिहासाचा असला तरी आम्ही सुरुवात एका कागदापासून करणार आहोत. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आपल्या कन्नड तालुक्यातले आईबाप मुलाला घेऊन शहरातल्या सरकारी दवाखान्यात जातात. तिथे मुलाला प्रश्न विचारतात, चित्रं दाखवतात, ठोकळे मांडायला देतात. शेवटी फायलीत एक आकडा पडतो. 58 म्हणा, 73 म्हणा. तो आकडा कुठून आला, हे मात्र आईबापांना सहसा कुणी सांगत नाही. तेवढंच आज बघू.

हा आकडा मूळचा फ्रान्सचा. तिथे शाळा सक्तीची झाली आणि काही मुलं वर्गात मागे पडतात हे दिसू लागलं. त्यांचं काय करायचं, यासाठी 1904 मध्ये सरकारने एक आयोग नेमला. त्यावर आल्फ्रेड बिने होते. त्यांनी थिओडोर सिमों या डॉक्टरांबरोबर 1905 मध्ये पहिली चाचणी तयार केली. हेतू सरळ होता: ज्याला जास्त शिकवण्याची गरज आहे तो मुलगा ओळखायचा. बुद्धी जन्मापासून ठरलेली असते आणि ती बदलत नाही, हे मत बिनेंना मान्य नव्हतं. ते 1911 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी भागाकार सुचवला: मानसिक वय भागिले खरं वय. अमेरिकेत टर्मन यांनी त्याला 100 ने गुणलं आणि 1916 मध्ये स्टॅनफर्डची आवृत्ती काढली. झाला बुद्ध्यंक! दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाइतके प्रश्न सुटले, तर 60.

आता इथे एक गोम आहे. सहा वर्षांच्या कोणत्या मुलाइतके? कापड मोजायच्या गजात दुसरं कापड नसतं. या गजात मात्र दुसरी मुलंच असतात. आधी शेकडो मुलं तपासायची, कोणत्या वयात कोणता प्रश्न बहुतेकांना येतो ते बघायचं, आणि मग त्या मुलांशी आपल्या मुलाची तुलना करायची. म्हणून ती मुलं कोण होती, हे विचारणं भाग आहे.

आपल्याकडे हा खटाटोप 1920 नंतर सुरू झाला. लाहोरला हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्तानीत एक श्रेणी केली. मराठीसाठी महत्त्वाचं काम मात्र व्ही. व्ही. कामत यांचं. त्यांनी स्टॅनफर्डची चाचणी घेतली आणि धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने बसवली. 1934 मध्ये त्यांचा लेख विलायतेतल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि पुढे 1940 मध्ये पुस्तक निघालं. नुसतं भाषांतर करून हे काम होत नाही. परदेशी मुलाला घरात, शाळेत, बाजारात जे दिसतं ते इथल्या मुलाला दिसेलच असं नाही. आणि एका भाषेत सोपा असलेला शब्द दुसऱ्या भाषेत पुस्तकी होतो. एखादा प्रश्न आठव्या वर्षाचा म्हणायचा की नवव्या, हे इथल्या मुलांवर पुन्हा तपासावं लागतं. कामतांनी ते केलं. आम्हांला विचाराल तर मराठीतल्या उत्तम शास्त्रीय कामांत याची गणना व्हायला हवी. ती झाली नाही.

पण नकाशा डोळ्यांपुढे आणा. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होतं आणि पिशोर निजामाच्या राज्यात. इकडे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. खेड्यापाड्यांत शाळाच थोड्या. सप्टेंबर 1948 पर्यंत ही स्थिती होती. म्हणजे ती मोजपट्टी घडत होती तेव्हा आपल्या भागातली मुलं तिच्यात नव्हतीच. आणि गंमत अशी की बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. केंद्र सरकारने 2018 मध्ये दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही तिचं नाव होतं.

जुन्या पट्टीचे दोष दोन्ही बाजूंनी येतात. जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की पिढ्यांगणिक मुलांना अशा चाचण्यांतले जास्त प्रश्न सुटत जातात. त्यामुळे जुन्या मुलांशी तुलना केली तर आजच्या मुलाचा आकडा फुगून येण्याचा संभव असतो, आणि ज्याला मदत हवी तो बाहेर राहतो. उलट प्रश्नातला शब्दच आपल्या बोलीतला नसेल, तर पोरगं गप्प बसतं आणि आकडा खाली येतो. हे दोन दोष एकमेकांना कापतील असं समजू नका. एका मुलाच्या वाट्याला एक येतो, दुसऱ्याच्या वाट्याला दुसरा.

दुसरं मोठं नाव नागपूरचं. ए. जे. मलिन यांनी तिथे अमेरिकेतल्या वेक्सलरच्या बालचाचणीची भारतीय आवृत्ती केली. 6 ते 15 वयाच्या मुलांसाठी. तिच्यात शब्दांचे भाग वेगळे, हातांनी करायचे भाग वेगळे, म्हणून मूल नेमकं कुठे अडतं ते कळतं. पालकांनी शेवटच्या आकड्याऐवजी हे भागवार गुण मागून घ्यावेत असं आम्ही आवर्जून सांगतो. शिक्षकाला तेच उपयोगी पडतात. मलिन यांनीच व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणीही भारतीय केली. हिच्यात मुलाची परीक्षा नसते, प्रश्न आईला असतात. पोरगं स्वतःच्या हाताने जेवतं का? कपडे घालतं का? दुकानातून वस्तू आणतं का? आता आपल्याकडे आई सात वर्षांच्या लेकाला मायेने भरवते. मग उत्तर काय द्यायचं? त्याला येत नाही की त्याला करू दिलं नाही, हा फरक आईने तपासणाऱ्याला सांगितलाच पाहिजे. कारण 2018 च्या त्या सूचनांप्रमाणे बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी या श्रेणीच्या गुणांवर ठरवली जात होती, आणि कायद्यातल्या बऱ्याच सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात.

आमचा जन्म तत्त्वज्ञानात गेला, म्हणून एक शब्द सांगतो. 'प्रमाण' म्हणजे माप, आणि न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन. प्रमाणपत्रात हे दोन्ही अर्थ मिसळून गेलेत. माप हाती आलं की ज्ञान झालं असं वाटतं. नैयायिक तेवढ्यावर थांबले नसते, साधनात दोष आहे का हे त्यांनी आधी बघितलं असतं. असो.

हीच कथा म्हाताऱ्या माणसांची. आजी विसरायला लागली, आजोबांना झटका आला, की दवाखान्यात स्मृतीची तपासणी करतात. 1975 मध्ये फोल्स्टीन यांनी केलेली छोटी चाचणी जगभर चालते. तिच्यात 100 मधून 7-7 वजा करायचे, एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. ज्या बाईने कधी पाटी हातात धरली नाही, ती इथेच नापास! तिचा मेंदू धड असला तरी. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगड भागात यावर उपाय काढला. 1995 मध्ये त्यांची हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांनी वाक्य लिहायला सांगण्याऐवजी विचारलं, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी तपासणाऱ्याने स्वतः डोळे मिटून दाखवले, तसंच करा म्हणाला. तिथे शाळा न शिकलेल्या माणसांचीच तपासणी करायची होती, म्हणून हे सुचलं.

तेव्हा तुमच्या घरातल्या कुणाची तपासणी असेल, तर आत जाण्याआधी तीन गोष्टी सांगा: घरात कोणती बोली बोलतात, शाळा कितवीपर्यंत झाली, आणि कानांनी-डोळ्यांनी नीट ऐकू येतं, दिसतं का. आणि अहवालात चाचणीचं नाव लिहिलेलं नसेल, तर ते लिहून मागा.