डब्यावरची अक्षरे

खाण्याच्या वस्तूवर काय लिहिलेले असावे, हा प्रश्न आपल्याकडे तुपाने ऐरणीवर आणला. शिवडीच्या कारखान्यातला ‘डालडा’ 1937 साली बाजारात आला आणि तुपात वनस्पती मिसळणाऱ्यांची चंगळ झाली. रंग तोच, रवाही तसाच, ओळखणार कसे? मग सरकारने वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. तिळाचे तेल प्रयोगशाळेत तांबूस रंग दाखवते आणि भेसळ उघडी पडते. म्हणजे खूण होती, पण ती गिऱ्हाइकाला दिसणारी नव्हती.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 साली झाला आणि 1 जून 1955 पासून लागू झाला. त्याखालील नियमांनी हळूहळू डब्याला बोलते केले. आत काय आहे, कोणी बनवले, वजन किती, हे छापणे भाग पडले. घटकांची नावे उतरत्या क्रमाने द्यायची, हाही नियम आला. जे सर्वांत जास्त, ते पहिले. बिस्किटाच्या पुड्यावर मैद्यामागोमाग साखर दिसली, की मधुमेही माणसाला पुढचे सांगावे लागत नाही.

किमतीची गोष्ट वेगळी. आवेष्टित वस्तूंचे नियम 1977 साली आले, तरी ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापायची मुभा राहिली. जांभळी नाक्यावर एक भाव आणि कल्याणच्या बाजारात दुसरा, असे झाले तर विचारणार कोणाला? 1990 साली ही पळवाट बंद झाली आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले. ग्राहकाला जागे करण्यात मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचा वाटा मोठा. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचे वाणसामान घ्यायचे, ही तिची रीत 1975 पासूनची.

2001 साली मांसाहारी पदार्थांवर तपकिरी आणि शाकाहारी पदार्थांवर हिरवी खूण आली. अक्षर न येणाऱ्यालाही ती कळते, हा तिचा मोठेपणा. पण तिचे सांगणे अर्धेच. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. ते प्राणी कोणते, हे तपकिरी खूण माझ्यासारख्या मुसलमानाला सांगत नाही. माझ्या जैन शेजाऱ्याला हिरवी खूण कांदा-लसणाबद्दल काही सांगत नाही. दोघांनाही शेवटी बारीक अक्षरेच वाचावी लागतात.

आणि तिथेच आमची अम्मी अडायची. ती मराठी चौथी शिकलेली. वर्तमानपत्र रोज वाचायची, पण डब्यावरची इंग्रजी यादी तिच्यासाठी मुकी होती. 2006 साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला, 2011 मध्ये अमलात आला, लेबलांचे नवे नियम 2020 साली आले. पण भाषेची अट तीच राहिली : इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी. मराठी छापायला मनाई नाही. फक्त सक्ती नाही. ज्याची सक्ती नाही, ते कोणता कारखानदार आपण होऊन छापेल?

मी कवी आहे. अक्षर वाचले जावे, एवढीच माझ्या धंद्याची आशा. इथे तर अक्षराचा संबंध पोटाशी आहे. ठाण्या-कल्याणात दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी आपण आवाज उठवतो, ते योग्यच. आता दुकानाच्या आत, फळीवरच्या पुड्यापर्यंतही तो आवाज जायला हवा.