अंग रोजच दुखते, रिपोर्ट मात्र नॉर्मल? फायब्रोमायल्जियाची लक्षणे अशी ओळखा

मोहगाव (जि. पांढुर्णा) : कापूस वेचणी असो की संत्र्याची तोडणी, हंगामात अंग दुखणे आपल्याकडे नवे नाही. दोन-चार दिवस आराम मिळाला की हे दुखणे उतरते. पण काही जणांचे, त्यातही बायकांचे जास्त, दुखणे महिनोन्‌महिने जातच नाही. रक्त तपासले, एक्स-रे काढला, सगळे नॉर्मल. मग घरात कुजबुज सुरू होते, "काही झालं नाही हिला, कामाचा कंटाळा आहे." अशा दुखण्यामागे फायब्रोमायल्जिया हा आजार असू शकतो.

हा आजार काय आहे?

यात सांधे झिजत नाहीत, सूजही येत नाही. बिघाड असतो तो मेंदू आणि मज्जासंस्था वेदना कशी जाणवून घेतात त्यात. रेडिओचा आवाज कुणी वाढवून ठेवावा, तसे साधे दाबणेही दुखायला लागते. म्हणून एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, पण दुखणे खरेच असते. जगभरात साधारण 100 पैकी 2 ते 4 लोकांना हा त्रास असल्याचे मानले जाते. पुरुषांनाही तो होतो.

मुख्य लक्षणे

• मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या असे अंगभर दुखणे, तेही 3 महिन्यांहून जास्त
• रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलेच उठणे
• थोड्या कामानेही गळून जाणे
• विसरभोळेपणा, हिशेबात किंवा बोलण्यात मन न लागणे
• सोबत डोकेदुखी, पोटात कळा, हातापायांना मुंग्या, उदास वाटणे

डॉक्टर कसे ठरवतात?

1990 च्या अमेरिकी निकषांत अंगावरचे 18 बिंदू दाबून पाहत. 11 ठिकाणी दुखले तर हा आजार धरत. 2010 पासून बिंदू मोजण्याऐवजी दुखण्याच्या जागा, थकवा, झोप आणि स्मरण यांना गुण देतात. 2016 च्या सुधारणेनुसार शरीराच्या 5 भागांपैकी (दोन्ही बाजूंचे वरचे, दोन्ही बाजूंचे खालचे आणि मधला पाठ-कण्याचा) किमान 4 भागांत दुखणे हवे.

रक्ताची एकही तपासणी हा आजार सिद्ध करत नाही. तरीही तपासण्या लागतात, कारण थायरॉइड कमी असणे, रक्त कमी असणे, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि आमवातातही अंग दुखते. चिकनगुनियानंतरही सांधे बरेच महिने दुखू शकतात. आपल्या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्णही आहेत, तेव्हा ती तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा.

ही लक्षणे असल्यास थांबू नका

सांध्यावर सूज किंवा लाली, ताप, वजन घटणे, हातापायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे. ही फायब्रोमायल्जियाची लक्षणे नव्हेत. लगेच डॉक्टरांना दाखवा.

उपाय काय?

आजार मुळातून घालवणारे औषध नाही, पण त्रास बराच कमी होतो. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. सुरुवात रोज 10 मिनिटे चालण्यापासून केली तरी चालते. "शेतात राबते तेवढा व्यायाम पुरे" असे नाही. ओझे उचलणे वेगळे, बेताने चालणे वेगळे. झोपेची वेळ ठरलेली हवी. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन यांसारखी औषधे काहींना लागू पडतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही. रोज घेतल्या तर पोट आणि किडनीला धोका. नाव नसलेल्या पुड्यांपासून तर दूरच राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. त्याने दोन दिवस बरे वाटते, पण पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

दाखवायला जाताना

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढे गरज पडली तर छिंदवाडा किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभाग आहे. जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे त्याच तपासण्यांवर पुन्हा पैसे जाणार नाहीत. कुठे दुखते, किती दिवसांपासून, झोप कशी लागते, हे कागदावर लिहून ठेवा. आणि शक्यतो घरचे कुणीतरी सोबत जा. "दुखणे खरे आहे" हे डॉक्टरांच्या तोंडून घरच्यांनी ऐकले, की रुग्णाचे अर्धे ओझे तिथेच उतरते.